इन्फ्लुएंझाची साथ आणि इस्पितळातील सफाई कामगाराचा हक्क

दिनांक १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या तालुक्याच्या गावाचे नाव एका दिवसात जगभर गेले. तेथील कुक्कुटपालन केंद्रांत मेलेल्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने तपासले, आणि बर्ड फ्ल्यूचा, म्हणजे एच५एन१ या विषाणूचा, भारतातील पहिला प्रादुर्भाव नवापुरात झाल्याचे शासनाने जाहीर केले. त्या वर्षी मला वकिलीची सनद मिळून फार दिवस झाले नव्हते. न्यायालयाच्या बाररूममध्ये नवापूरचा पक्षकार आला की त्याला थोडे लांब बसविण्याची थट्टा चाले. थट्टा करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसेल. परंतु माणसाला लांब बसविण्याचा विनोद ज्यांच्या आजोबांनी प्रत्यक्ष भोगला आहे, त्यांना तो हसू आणीत नाही.

केंद्रांच्या सभोवार तीन किलोमीटरच्या वर्तुळातील लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरण्यात आल्या. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखपट्टी अशा वेषातील कर्मचाऱ्यांची छायाचित्रे त्या आठवड्यात सर्व वृत्तपत्रांनी छापली. ताप आलेल्या काही व्यक्तींना नवापूरच्या इस्पितळात स्वतंत्र खोलीत ठेवले गेले. त्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत व दिल्लीस गेले आणि कोणाही माणसास या विषाणूची बाधा झाल्याचे आढळले नाही. शासनाने त्या प्रसंगी जी धावपळ केली तिला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. पांढरा पोशाख आला तो प्रयोगशाळेचा अहवाल आल्यानंतर. त्यापूर्वीच्या दिवसांत मेलेली कोंबडी उचलून बाहेर टाकण्याचे काम शेडवरच्या मजुराचेच होते, आणि त्याच्या हातात मोजा होता की नव्हता याची नोंद कोणत्या वहीत आहे? कोंबड्यांच्या मालकास दर पक्ष्यामागे भरपाई देण्याची योजना झाली, ती योग्यच झाली. शेड रिकामी झाल्यावर ज्याची मजुरी गेली त्याचा हिशेब त्या योजनेत नव्हता. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा बर्ड फ्ल्यू आला, पुन्हा लाखो पक्षी मारले गेले, आणि मजुराच्या मजुरीचा प्रश्न होता तेथेच राहिला.

हा विषय नीट समजावयाचा तर इन्फ्लुएंझा पसरतो कसा हे आधी पाहिले पाहिजे. कारण हक्काची भाषा रोगाच्या स्वभावाला सोडून बोलू लागली तर ती पोकळ होते. इन्फ्लुएंझाचा विषाणू रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून व बोलण्यातून उडणाऱ्या तुषारांबरोबर बाहेर पडतो. मोठे तुषार दोन-तीन हातांच्या अंतरात खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र कोंदट खोलीत काही काळ तरंगत राहतात. पलंगाची लोखंडी दांडी, दाराची कडी अशा टणक वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवस टिकून राहू शकतो, कापडावर काही तास. तेथून तो हाताला लागतो व हातावाटे नाकातोंडात जातो. बाधा झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप येतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून ते त्यानंतर पाच-सात दिवसांपर्यंत माणूस हा रोग दुसऱ्यास देऊ शकतो. म्हणजे जो आजारी दिसत नाही तोही रोग देतो, आणि जो अंगात ताप घेऊन कामावर येतो तो तर खात्रीने देतो.

पक्ष्यांतील विषाणूची गोष्ट थोडी निराळी आहे. तो माणसाच्या श्वासमार्गाच्या वरच्या भागात सहज रुजत नाही, म्हणून माणसाकडून माणसाकडे सहसा पसरत नाही. परंतु आजारी वा मेलेल्या पक्ष्याशी ज्याचा निकटचा संबंध येतो त्याच्या फुप्फुसात तो खोलवर गेला तर परिणाम भयंकर होतो. हाँगकाँगमध्ये १९९७ साली प्रथम १८ माणसांना ही बाधा झाली आणि त्यांपैकी ६ मरण पावली. २००३ पासून जगात नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत. भारतात अशा बाधेने झालेला पहिला नोंदलेला मृत्यू २०२१ च्या जुलैत दिल्लीत एका लहान मुलाचा झाला. तेव्हा नवापूर २००६ साली वाचले हे आपले भाग्य. पुढच्या वेळी भाग्यावर विसंबून चालणार नाही.

रोग जात पाहत नाही असे वाक्य प्रत्येक साथीत कोणीतरी बोलतोच. विषाणूपुरते ते खरे आहे. मरणापुरते ते खोटे आहे, आणि याचा पुरावा आपल्याच प्रांतात आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून जी साथ शिरली आणि जिला आपल्या आजीपणजीने मानमोडी हे नाव दिले, तिने हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे नेली असा अंदाज आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट तर इतकी क्रूर होती की ६ ऑक्टोबर या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या शहराच्या आरोग्यखात्याने मृत्यूंची जातवार गणना केली. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, स्पृश्य हिंदूंत १८.९ आणि ज्यांना सरकारी कागदाने ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले त्यांच्यात ६१.६! एकच शहर, एकच ऋतू, एकच विषाणू. आणि आपल्या माणसांच्या मृत्यूचे प्रमाण इतर हिंदूंच्या तिपटीहून अधिक. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, धान्य महागले होते, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत होती, आणि तापाने पडलेल्या माणसाला पाणी द्यायला घरात उभा माणूस उरला नव्हता. मृत्यूचे ते आकडे जातीचे आहेत म्हणजे खोलीचे आहेत, भाकरीचे आहेत, शुश्रूषेचे आहेत. नंदुरबार त्या काळी पश्चिम खानदेशात होते. सातपुड्याच्या पाड्यांवर किती माणसे गेली याची अशी जातवार गणना करण्याचे कष्ट कोणी घेतले असतील असे वाटत नाही.

आता इस्पितळाकडे येऊ. इन्फ्लुएंझाच्या रुग्णाची व्यवस्था कशी करावी यात फारसे गूढ नाही. २००९ साली स्वाइन फ्ल्यू आला तेव्हा पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर लोकांच्या रांगा लागल्या, आणि जो आजारी नव्हता त्यालाही त्या रांगेत आजार मिळण्याची सोय झाली. त्या अनुभवातून शासनाने रुग्णांचे तीन वर्ग केले. सौम्य ताप-खोकल्याच्या माणसाने घरीच राहावे. ज्याचा ताप जोराचा आहे, किंवा जो वृद्ध, बालक, गरोदर स्त्री अथवा जुन्या दुखण्याचा रोगी आहे, त्यास ओसेल्टामिविर हे औषध सुरू करावे. ज्यास धाप लागते, छातीत दुखते, ओठ-नखे निळी पडतात, त्यालाच इस्पितळात दाखल करावे. दाखल झालेल्यास स्वतंत्र खोली द्यावी. ती नसेल तर त्याच रोगाचे रुग्ण एकत्र ठेवून दोन खाटांत निदान एक मीटरचे अंतर राखावे. खिडक्या उघड्या ठेवाव्या. खोकणाऱ्याच्या तोंडाला पट्टी केस पेपरच्या खिडकीपाशीच द्यावी, डॉक्टरच्या टेबलापाशी पोहोचल्यावर नव्हे. घशात नळी घालणे किंवा कफ ओढून काढणे अशा कामांत सूक्ष्म कण फार उडतात, त्या वेळी एन-९५ जातीची पट्टी हवी. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक.

हे ४८ तास अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावरच्या माणसाने कोठून आणावयाचे, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या परिपत्रकाला पडत नाही. बांबूला झोळी बांधून, चौघांच्या खांद्यावरून, डोंगर उतरून रुग्ण रस्त्याला लागतो तेव्हाच एक दिवस गेलेला असतो. ताप अंगावर काढण्यात त्याआधीचे दोन गेलेले असतात. म्हणून उपकेंद्रात औषध ठेवणे ही मेहेरबानी नसून उपचाराचा भाग आहे. जिल्ह्यात हे करता येत नाही असे कोणी म्हणू नये. २०२०-२१ च्या कोरोना साथीत नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, जे स्वतः भिल्ल समाजातून आलेले वैद्यकीय पदवीधर आहेत, यांनी मोठमोठ्या शहरांना सुचण्याआधी जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभे केले आणि दुसऱ्या लाटेत शेजारच्या भागांतील रुग्णही येथे आले. जिल्हा गरीब आहे ही सबब त्या वर्षी टिकली नाही, पुढेही टिकू नये.

परंतु वर जी इस्पितळाची व्यवस्था सांगितली तिच्यात एका माणसाचे नाव आलेले नाही. ओले फडके मारणार कोण? रुग्णाची थुंकी, ओकारी, मळलेली चादर, पिवळ्या पिशवीतला कचरा उचलणार कोण? हे काम करणारे हात बहुतेक ठिकाणी कोणत्या समाजाचे आहेत हे या पाक्षिकाच्या वाचकांना सांगावे लागत नाही. आता हे हात शासनाचे नोकरही नाहीत, ठेकेदाराचे आहेत. डॉक्टर खोलीत पाच मिनिटे असतो, परिचारिका त्याहून अधिक; सफाई करणारी बाई खाटेखाली वाकलेली असते, रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. मुखपट्ट्यांच्या वाटपाची यादी मात्र उलट्या क्रमाने उतरते.

दोन पावसाळ्यांपूर्वी अशीच एक भगिनी माझ्याकडे आली. जिल्ह्यातल्या एका इस्पितळात (त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण नाव बदलले तरी हकीकत तीच राहील) ती ठेक्यावर सफाईचे काम करीत होती. फ्ल्यूचे रुग्ण ठेवलेल्या खोलीची सफाई तिच्याकडे होती. तिला आठवड्याला एक कागदी पट्टी मिळे; ती ती रात्री धुऊन वाळत घाली. या पट्ट्या धुतल्या की निकामी होतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. चौथ्या दिवशी तिला ताप भरला. ताप असताही ती दोन दिवस कामावर गेली, कारण न गेल्यास हजेरी कापली जाते. त्या दोन दिवसांत तिने बाळंतिणींची खोलीही पुसली. नंतर उठवेना म्हणून ती आठ दिवस घरी राहिली. ठेकेदाराने आठ दिवसांची मजुरी कापली आणि तिच्या जागी दुसरी बाई लावली. घरी तिच्या धाकट्या मुलाला ताप आला. तो बरा झाला. ती माझ्याकडे आली ती भरपाईसाठी नव्हे. तिचे म्हणणे एवढेच होते की, “दादा, मला परत कामावर घ्यायला सांगा.”

या हकीकतीत दया यावी असे पुष्कळ आहे, परंतु माझा धंदा दयेचा नाही. कायदा काय म्हणतो ते पाहू.

साथीचे रोग प्रतिबंधक कायदा १८९७ च्या फेब्रुवारीत झाला, मुंबईच्या प्लेगच्या वेळी. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले यांनी प्लेग झालेल्या एका महार मुलाला पाठीवर घालून पुण्यात दवाखान्यात आणले आणि त्याच रोगाने त्या गेल्या. साथीत आजाऱ्याजवळ जाणाऱ्या माणसाचे काय होते हे कायद्याच्या जन्माच्या वर्षीच दिसले होते. परंतु कायद्यात त्याला स्थान मिळाले नाही. त्या छोट्याशा कायद्याने सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार दिला, नियम मोडणाऱ्यास शिक्षा सांगितली, आणि चौथ्या कलमाने सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे संरक्षण दिले. अधिकार सरकारला, शिक्षा लोकांना, संरक्षण अधिकाऱ्याला. रोग्याला आणि त्याच्या सेवकाला काही नाही. २०२० साली दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकावर हल्ला करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. दुरुस्ती आवश्यक होती. तथापि, रुग्णाच्या चिडलेल्या नातेवाइकापासून संरक्षण देणारा कायदा विषाणूपासून आणि हजेरी कापणाऱ्या ठेकेदारापासून संरक्षण देत नाही.

मग सर्व वाटा बंद आहेत काय? नाहीत. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांतील चौथा नियम आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा वाचावा. त्यात इस्पितळावर कर्तव्य टाकले आहे की कचरा हाताळणारे आरोग्यसेवक ‘आणि इतर’ यांस पुरेशी संरक्षक साधने द्यावीत, प्रशिक्षण द्यावे, नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर वर्षातून निदान एकदा त्यांची आरोग्यतपासणी करावी, आणि अशा कामातून होऊ शकणाऱ्या रोगांविरुद्ध त्यांना लस द्यावी. ‘आणि इतर’ हे दोन शब्द लहान आहेत. ठेक्यावरची बाई त्या दोन शब्दांत पूर्ण मावते. ती आमची नोकर नाही असे उत्तर येथे चालत नाही, कारण हे कर्तव्य नोकरीच्या नात्यावर बांधलेले नाही, कामावर बांधलेले आहे. इन्फ्लुएंझाची लस आरोग्यसेवकांनी घ्यावी असे केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतातच. तेथे आरोग्यसेवक शब्दाचा अर्थ लावताना झाडू हाती असलेल्यास वगळू नये, इतकेच मागणे आहे.

दुसरी वाट भरपाईची. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात, संसर्गाचा विशेष धोका असलेल्या व्यवसायात जडलेले संसर्गजन्य रोग हे व्यवसायजन्य रोग म्हणून घातलेले होते. त्यात आरोग्यसेवा व प्रयोगशाळा येतात, पशुवैद्यकीय काम येते, आणि प्राणी व मृत प्राण्यांचे अवशेष हाताळण्याचे कामही येते. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिच्या तिसऱ्या परिशिष्टात उतरली आहे. म्हणजे इस्पितळातली सफाई करणारी आणि नवापूरच्या शेडमधला मजूर हे दोघे एकाच कलमाच्या छायेत शेजारी उभे आहेत. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मालकांना ठाऊक असले तरी ते सांगत नाहीत. मालकाचा वकील दोन आक्षेप घेईल हे मी धरून चालतो, कारण त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतले असते. एक, हा माणूस परिशिष्टातल्या कामगारांच्या यादीत बसत नाही. दुसरा, ताप इस्पितळातच आला कशावरून, बाजारात आला नसेल कशावरून? पहिल्या आक्षेपावर प्रत्येक दाव्यात झगडावे लागेल, हे कबूल. दुसऱ्याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. पहिल्या भागातला रोग त्या कामावर असताना जडला की तो कामातून झालेल्या अपघाताची इजा समजावयाचा, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. मात्र त्यासाठी रोगाची नोंद हवी, कामाच्या पाळीची नोंद हवी. आपल्या भगिनीजवळ यांपैकी काहीच नव्हते. केस पेपर हरवला होता, हजेरी ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत होती.

तिसरी वाट संविधानाची. पश्चिम बंग खेतमजूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शासकीय इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब शासनास सांगता येणार नाही. जखमी शेतमजुराला एकामागून एक इस्पितळे खाट नाही म्हणून परत लावीत होती, त्यातून तो निकाल जन्मला.

मजुरीचा मुद्दा मी पुन्हा घेतो, कारण मंडळी त्याला कामगारांचे गाऱ्हाणे समजून बाजूला सारतात. ज्या रोगात तापाच्या आदल्या दिवसापासून आठवडाभर माणूस रोग देत राहतो, त्या रोगात आजारपणाची भरपगारी रजा ही मुखपट्टीइतकीच प्रतिबंधक वस्तू आहे. आमच्या भगिनीची दोन दिवसांची मजुरी वाचविण्यासाठी बाळंतिणींची खोली तापाच्या स्वाधीन केली गेली. तो हिशेब ठेकेदाराच्या वहीत नसतो, प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत असतो. पैशाचे म्हणाल तर, कोरोनाच्या वेळी आरोग्यसेवकांसाठी ५० लाखांची विमायोजना काढताना वॉर्डबॉय, सफाई कामगार, ठेक्यावरचे व रोजंदारीवरचे यांना तीत घेतले होते. त्या वेळी व्याख्या रुंद करता आली. ती योजना कोरोनापुरती आणि मृत्यूनंतरची होती. जिवंतपणी मिळावयाच्या आठ दिवसांच्या मजुरीला त्या मानाने किती लागते?

एक गैरसमज आपल्या वस्त्यांतही आहे, तो सांगितला पाहिजे. रुग्णाला वेगळे ठेवले की आपल्या माणसांना त्यात जुना विटाळ दिसतो, आणि वेगळ्या खोलीतून रुग्ण रात्री पळवून नेण्याचे प्रकार होतात. हा राग मला समजतो, परंतु तो येथे चुकीच्या जागी पडतो. अस्पृश्यता जन्माने लागते, तिला मुदत नसते, तिला पुरावा लागत नाही. विलगीकरण रोगाने लागते, पाच-सात दिवसांनी संपते, आणि जिल्हाधिकाऱ्यालाही तितकेच लागू होते. वेगळ्या खोलीत दोन वेळचे जेवण, पाणी, औषध आणि विचारपूस मिळते की नाही, यावरून ती खोली दवाखाना आहे की बहिष्कार हे ठरते. विनयपिटकात अतिसाराने आपल्याच मळात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाबरोबर स्वतः धुऊन काढल्याची कथा आहे. त्या भिक्खूजवळ इतर भिक्खू फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता.

आमच्या भगिनीसाठी मी नोटीस पाठविली. ठेकेदाराने उत्तर दिले की ही बाई आपल्याकडे कधी कामाला नव्हती. इस्पितळाने उत्तर दिले की ठेकेदाराला विचारा. अखेर परिचारिकांच्या वहीत रात्रपाळीला चादरी मोजून घेतल्याच्या नोंदीखाली तिचा अंगठा सापडला, आणि तो दाखविल्यावर तिला कामावर परत घेतले गेले. मजुरी अजून मिळालेली नाही.

सफाईच्या ठेक्याची निविदा पुन्हा निघेल तेव्हा तिच्या अटींत तीन वाक्ये घालावीत, असा अर्ज मी तयार केला आहे. ठेक्यावरील प्रत्येक कामगारास पावसाळ्यापूर्वी इन्फ्लुएंझाची लस व दररोज नवी मुखपट्टी इस्पितळाने द्यावी. ताप आल्यास सात दिवसांची मजुरी कापू नये. हजेरीची एक प्रत कामगाराच्या हाती असावी. ज्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांना हा अर्ज आपापल्या इस्पितळात द्यावयाचा असेल त्यांनी त्याखाली कामगारांच्या सह्या व अंगठे घ्यावेत, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.